मेंदूलाही शेजार लागतो



गेल्या सत्रात दहावीच्या वर्गात मज्जासंस्थेचा पाठ चालू होता. 'चेतापेशी एकदा मेली की तिच्या जागी सहसा नवी येत नाही' हे वाक्य फळ्यावर लिहून झाले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, मग माझ्या आजोबांचा हात आता कधीच हलणार नाही का?"

दोन महिन्यांपूर्वी तिच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे अडखळू लागले. दवाखान्यातून घरी आणल्यापासून ते आतल्या खोलीत पडून असत. खिडकीचे पडदे ओढलेले, रेडिओ बंद. भेटायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत चहा देऊन परत पाठवले जाई. "त्यांना आराम मिळावा म्हणून आम्हा मुलांनाही आत जायची मनाई आहे," असे ती म्हणाली.

घरच्यांच्या मायेत काही उणे नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केले असते, किंबहुना केलेही आहे. त्या दिवशी आम्ही तिला एवढेच म्हणालो की, नीट वाचून मग सांगतो. त्यानंतर विज्ञान मंडळाच्या आम्ही शिक्षकांनी या विषयावर जे वाचले, ते तिच्यासाठी आणि आपणा सर्वांसाठी येथे मांडत आहोत.

झटका येतो म्हणजे काय होते?

आपला मेंदू साधारण १.४ किलो वजनाचा असतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. साठवण मात्र त्याच्याकडे जवळजवळ नाही. रक्ताची गुठळी अडकून एखादी वाहिनी बंद झाली, किंवा वाहिनी फुटली, की त्या भागातल्या पेशींचे हाल सुरू होतात. मोठी वाहिनी बंद पडल्यास उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

म्हणून पुढचे सगळे वाचण्याआधी एक गोष्ट पाठ करून ठेवा. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर थांबू नका. तेल चोळणे, झोपवून ठेवणे, शेजाऱ्यांना विचारणे यात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा आणि झटका किती वाजता आला ते लक्षात ठेवा. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ते द्यायचे की नाही हे डॉक्टर मेंदूचे चित्र काढून ठरवतात.

वाहिनी बंद पडली की मधोमध असलेल्या पेशी लवकर मरतात. त्यांच्या भोवतीच्या पेशी मात्र काही काळ अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असतात. रक्त वेळेत पोहोचले तर त्या वाचतात. याखेरीज दूरच्या, अगदी धडधाकट भागांचे कामही मंदावते, कारण जिकडून त्यांना निरोप येत होते तो भागच गप्प झालेला असतो. काचीगुड्याच्या चौकातला सिग्नल बिघडला की पार दूरच्या रस्त्यावर गाड्या खोळंबतात, तसेच हे. पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण आपोआप थोडा सुधारतो. त्यात सूज उतरण्याचा आणि ही खोळंबलेली वाहतूक सुटण्याचा मोठा वाटा असतो.

प्रश्न आहे तो यानंतरचा. मधल्या पेशी तर गेल्या. मग पुढची सुधारणा होते कशी? आणि तिच्यावर भोवतालच्या वातावरणाचा काही परिणाम होतो का?

घरातले उंदीर आणि पिंजऱ्यातले उंदीर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेतापेशींचे थोर अभ्यासक सान्तियागो रामोन इ काहाल यांनी असे मत मांडले होते की, प्रौढ मेंदूतले मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात. नंतर कित्येक दशके वैद्यकाची पुस्तके तेच सांगत राहिली.

याला पहिला धक्का एका घरगुती निरीक्षणाने दिला. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी काही उंदीर आपल्या घरी मुलांमध्ये मोकळे वाढू दिले. १९४७ मध्ये त्यांनी सांगितले की, प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा हे घरातले उंदीर वाट शोधण्याची कोडी अधिक चांगली सोडवतात.

पुढे अमेरिकेतल्या बर्कली येथील विद्यापीठात मार्क रोझेन्झवाइग, एडवर्ड बेनेट, डेव्हिड क्रेच आणि मॅरियन डायमंड यांनी हा प्रश्न पद्धतशीर हाती घेतला. काही उंदीर मोठ्या पिंजऱ्यात एकत्र ठेवले आणि त्यांना शिड्या, चाके, बोगदे अशी बदलती खेळणी दिली. काही उंदीर छोट्या पिंजऱ्यात एकेकटे ठेवले. अन्नपाणी सगळ्यांना पोटभर. १९६४ मध्ये डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, पहिल्या गटातल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यपटल अधिक जाड होते. फरक मोजक्या टक्क्यांचाच होता, पण तो पुन्हा पुन्हा दिसला. पुढे १९७० च्या दशकात विल्यम ग्रीनो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की, अशा उंदरांच्या चेतापेशींना अधिक फांद्या फुटलेल्या असतात. फांद्या जितक्या जास्त, तितक्या शेजारच्या पेशींशी गाठीभेटी जास्त.

अशा परिसराला शास्त्रज्ञ 'समृद्ध परिसर' म्हणतात. येथे समृद्धी पैशाची नव्हे. सोबत, हालचालीला जागा, रोज काहीतरी नवे आणि स्वतः करून पाहण्याची मुभा, या चार गोष्टींची ती समृद्धी.

जखम तेवढीच, सुधारणा जास्त

हे झाले निरोगी उंदरांचे. झटका आलेल्या मेंदूचे काय? स्वीडनमधल्या लुंड येथे बार्ब्रो योहान्सन आणि त्यांच्या सहकारी ओल्सन यांनी १९९५ मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी उंदरांच्या मेंदूतली एक मुख्य वाहिनी बंद केली. त्यानंतर काही उंदीर साध्या पिंजऱ्यात राहिले, काही समृद्ध परिसरात. काही आठवड्यांनी अरुंद दांडीवरून चालण्याची व तोल सांभाळण्याची परीक्षा घेतली, तेव्हा समृद्ध परिसरातले उंदीर स्पष्टपणे पुढे होते. मग मेंदू तपासले. जखमेचा आकार दोन्ही गटांत सारखाच होता!

विद्यार्थ्यांनो, या वाक्यावर क्षणभर थांबा. मेलेला भाग तेवढाच, पण एकाला दांडीवरून चालता येते आणि दुसऱ्याला येत नाही. याचा अर्थ सुधारणा मेलेल्या भागात घडली नाही. ती उरलेल्या भागात घडली.

योहान्सन यांनी १९९६ मध्ये आणखी दोन गोष्टी दाखवल्या. झटक्यानंतर १५ दिवसांनी समृद्ध परिसरात नेलेल्या उंदरांनाही फायदा झाला. आणि एकट्याने चाकावर धावणाऱ्या उंदरांपेक्षा केवळ इतरांच्या सोबतीत राहणाऱ्या उंदरांची प्रगती सरस होती. सोबत आणि समृद्ध परिसर दोन्ही मिळालेले उंदीर सर्वांत पुढे होते. म्हणजे नुसता व्यायाम एका बाजूला आणि माणसांतला, म्हणजे उंदरांतला, वावर दुसऱ्या बाजूला ठेवला, तर वावराचे पारडे जड ठरले.

उरलेला भाग नेमके काय करतो, हे त्याच वर्षी रँडॉल्फ न्यूडो यांनी माकडांवरच्या प्रयोगात दाखवले. मेंदूत हाताची हालचाल सांभाळणारा एक पट्टा असतो. त्याचा छोटा तुकडा निकामी झाल्यावर हाताला सराव दिला नाही, तर पट्ट्याचा वाचलेला भागही आक्रसत गेला. सराव दिला, तेव्हा तो टिकला. काही माकडांत तर कोपर आणि खांदा सांभाळणाऱ्या शेजारच्या भागातही हाताने जागा मिळवली. एखाद्या घरातला कर्ता माणूस गेला की शेजारपाजारचे लोक दुकान उघडून देतात, मुलांना शाळेत सोडतात, तसे हे शेजारच्या पेशींचे वागणे. पण शेजारी मदतीला यायचे तर दार उघडे हवे आणि काम काय आहे ते त्यांना दिसायला हवे.

यात वेळेलाही महत्त्व आहे. २००४ मध्ये कॅनडातल्या बिएर्नास्की व कॉर्बेट यांच्या गटाने समृद्ध परिसर आणि पंजाचा सराव ही जोडी उंदरांना झटक्यानंतर ५, १४ आणि ३० दिवसांनी सुरू करून पाहिली. ५ दिवसांनी सुरू करणाऱ्यांना सर्वाधिक लाभ झाला, तर ३० दिवसांनी सुरू करणारे सरावाविना राहिलेल्यांपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. उंदराचे दिवस माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण सुरुवातीचा काळ मोलाचा असतो ही गोष्ट खरी.

मग नव्या पेशी येतात का?

मुलीचा मूळ प्रश्न हाच होता. १९९७ मध्ये गेर्ड केम्परमान आणि फ्रेड गेज यांनी दाखवले की, समृद्ध परिसरात राहणाऱ्या प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी संबंधित भागात, नव्या चेतापेशी अधिक संख्येने टिकतात. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन व सहकाऱ्यांनी प्रौढ माणसाच्या मेंदूतही नव्या चेतापेशींच्या खुणा सापडल्याचे सांगितले. मोठी आशा निर्माण झाली.

पण पुढचे आकडेही पाहिले पाहिजेत. लुंडमध्येच २००२ साली आढळले की, झटक्यानंतर उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी जखमेकडे सरकतात खऱ्या, पण त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक मरून जातात. मेलेल्या पेशींपैकी जेमतेम ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन, भरून निघतात. २००५ मध्ये स्वीडनमधल्याच शास्त्रज्ञांना समृद्ध परिसरात अशा मूळ पेशींची संख्या वाढलेली दिसली. माणसाच्या बाबतीत मात्र वाद आहे. २०१८ मध्ये एका गटाने प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जवळपास दिसत नाहीत असे म्हटले, तर काही आठवड्यांतच दुसऱ्या गटाने त्या म्हातारपणीही तयार होतात असे प्रसिद्ध केले.

तेव्हा फळ्यावरचे आमचे वाक्य पुसण्याचे कारण नाही. पण ते अपुरे होते. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येईल याचा भरवसा नाही. उरलेल्या पेशी नव्या फांद्या फोडतात, नव्या गाठी बांधतात, न वापरलेल्या वाटा वापरात आणतात, हे मात्र नक्की.

माणसांच्या खाटेजवळ

उंदीर आणि माणूस यांत फरक आहे. म्हणून माणसांवरचे अभ्यास वेगळे पाहू.

२००४ मध्ये ज्युली बर्नहार्ट यांनी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पाच रुग्णालयांत झटक्याचे रुग्ण दिवसभर काय करतात याची नोंद केली. निम्म्याहून अधिक वेळ ते खाटेवर पडून होते, सुमारे ६० टक्के वेळ एकटे होते, आणि चालण्याफिरण्याला उपयोगी अशा हालचालीत फक्त १३ टक्के वेळ गेला होता. तेही खास झटक्यासाठी असलेल्या विभागांत! ऑस्ट्रेलियातच २०१४ मध्ये एका छोट्या चाचणीत पुनर्वसन विभागात पुस्तके, खेळ, कोडी, संगीत आणि एकत्र बसण्याची जागा पुरवली, तेव्हा रुग्णांचा झोपून आणि एकटेपणात जाणारा वेळ कमी झाला.

२००८ मध्ये हेलसिंकीतल्या टेप्पो सार्कामो व सहकाऱ्यांनी ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकली, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. तीन महिन्यांनी शब्दांची स्मरणशक्ती संगीत ऐकणाऱ्यांत ६० टक्क्यांनी सुधारली होती. इतर दोन गटांत ती १८ व २९ टक्क्यांनी सुधारली. संगीत ऐकणाऱ्यांचे मनही कमी खचलेले होते.

उशीर झालेल्यांनीही निराश होऊ नये. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे १२३ जणांवर एक चाचणी झाली. त्यांना झटका येऊन १० महिने ते ५ वर्षे उलटली होती. १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, काहींनी ताल-संगीताचे वर्ग केले, काहींनी घोड्यावर बसण्याचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, आपल्यात चांगली सुधारणा झाली असे सांगणारे घोडेस्वारीच्या गटात ५६ टक्के, संगीताच्या गटात ३८ टक्के आणि प्रतीक्षा करणाऱ्या गटात १७ टक्के होते.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. २०१५ मध्ये पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालवून पाहिले. त्याने फायदा होण्याऐवजी थोडे नुकसानच झाले: चांगली प्रगती केलेले ४६ टक्के, तर नेहमीच्या गतीने घेतलेल्यांत ५० टक्के. घाई करून मेंदूला दामटता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. १४ भारतीय रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांच्या चाचणीत घरच्या माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन पुनर्वसन त्यांच्यावर सोपवले. २०१७ च्या निकालात सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के रुग्ण परावलंबी होते किंवा दगावले होते. म्हणजे घरची माणसे फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांची जागा वेगळी आहे. तज्ज्ञ दिवसातून तासभर येतो. उरलेले तेवीस तास कसे जायचे, हे घर ठरवते.

आपल्या गावातला अभ्यास

हैदराबादकर म्हणून आपल्याला जवळचा वाटेल असाही एक अभ्यास आहे. येथील निझाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे आपल्या बोलण्यातले निम्स, तेथे तेव्हा असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका आलेल्या ६०८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर विचारशक्ती व स्मरण शाबूत राहिलेले रुग्ण एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के होते, तर दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के. वय, शिक्षण यांसारख्या इतर गोष्टींचा हिशेब धरूनही फरक उरला. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता.

एका अभ्यासावरून भाषा म्हणजे झटक्यावरचे औषध असे कोणी समजू नये. पण विचार करा. आपली मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी हिंदी आणि वर्गात इंग्रजी. एका भाषेतून दुसरीत जाताना मेंदू दिवसातून शेकडो वेळा वळण घेतो. हाही एक समृद्ध परिसरच आहे, आणि तो फुकट मिळालेला आहे. 'मराठी शिकून काय करायचे?' असे विचारणाऱ्या पालकांनी याचाही विचार करावा.

घरी आपण काय करावे?

पुढील गोष्टी डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांना विचारूनच कराव्यात. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय रुग्णाला पाणी, चहा पाजू नये. पडण्याची भीती असते, म्हणून उभे करताना मोठे माणूस जवळ हवेच.

१. प्रकृती स्थिर झाली की दिवसा खाट किंवा खुर्ची घरातल्या वावराच्या खोलीत आणावी. खिडकी उघडी असावी. चष्मा आणि कानाचे यंत्र वापरात ठेवावे.

२. रात्रीची झोप आणि दुपारची विश्रांती सांभाळावी. एका वेळी एकदोन माणसे, थोडा वेळ. सतत चालू असलेला टीव्ही म्हणजे समृद्ध परिसर नव्हे.

३. झेपेल ते काम रुग्णाला करू द्यावे. शेंगा सोलणे, रुमालाच्या घड्या घालणे, पत्ते पिसणे. वेळ लागला तरी हातातून काढून घेऊ नये.

४. बोलताना शब्द अडला तर थांबावे. वाक्य आपण पूर्ण करू नये. लहान मुलाशी बोलावे तसे बोलू नये. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नाही.

५. निवड त्यांना करू द्यावी. कोणते गाणे, कोणता सदरा, चहा की कॉफी.

६. रुग्ण उदास, गप्प झाला तर 'स्वभाव बदलला' म्हणून सोडून देऊ नये. झटक्यानंतर नैराश्य अनेकांना येते आणि त्यावर उपचार आहेत.

विद्यार्थ्यांनो, यातले निम्मे काम तुम्हीच सर्वांत चांगले करू शकता. रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र वाचून दाखवा. बुद्धिबळाचा एक डाव मांडा. शाळेत काय झाले ते सांगा, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत थांबा.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. आपल्या सभागृहाला सात पायऱ्या आहेत. गणेशोत्सवाच्या आणि स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमांना आपले कितीतरी ज्येष्ठ केवळ त्या पायऱ्यांमुळे येत नाहीत. बाजूने चाकाच्या खुर्चीसाठी उतार केला, तर या लेखातले विज्ञान आपण खऱ्या अर्थाने आचरणात आणले असे होईल.

त्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले. तिच्या वडिलांनी डॉक्टरांना विचारले आणि आजोबांची खुर्ची बैठकीच्या खोलीत आली. चमत्कार झाला नाही. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पण परवा तिने गृहपाठाची वही दाखवली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुकांवर डाव्या हाताने काढलेल्या वाकड्यातिकड्या खुणा होत्या. आजोबा निवृत्त शिक्षक आहेत. आमच्या नजरेतून सुटलेल्या दोन चुका त्यांनी पकडल्या होत्या.

विचार करा

१. जखम सारखी असूनही दोन उंदरांची प्रगती वेगळी का झाली?

२. 'समृद्ध परिसरा'च्या चार गोष्टी कोणत्या? तुमच्या घरात त्यांपैकी कोणत्या आहेत?

३. घरच्या माणसाला झटका आल्याची शंका आली तर तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत काय कराल? घरी सर्वांसमोर सांगून दाखवा.